प्याल्याच्या आतली कल्हई

सगुणाताई, त्या दुपारी तुम्ही मला प्रार्थना करायला सांगितली आणि मी चादर बदलली.

चादर ओली नव्हती, सकाळीच बदललेली होती. तरी मी तुम्हाला कुशीवर वळवलं, जुनी ओढून काढली, नवी घातली आणि सरकारी दवाखान्यात जन्मभर केले तसे कोपरे दुमडून ताठ केले. तुम्ही डोळे उघडे ठेवून सगळं पाहत होतात. "झाली काय वं चादर? आता कर." मी म्हटलं, पाळकसाहेब संध्याकाळी येणारच आहेत. "पाळक येतीन तवा येतीन. मी तुले म्हणून राहिली. माह्यासाठी कर, तोंडानं कर." औषधाची वेळ झाली असं पुटपुटत मी आत गेले. औषधाला अजून तासभर होता. परत आले तेव्हा तुमचा डोळा लागला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

आपल्या ख्रिस्ती मंडळीत देवाघरी गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. तो देवाच्या हाती पोचला, आता त्याला आपल्या शब्दांची गरज नाही, असं मानतात. म्हणजे तुम्ही माझ्याकडे आयुष्यात मागितलेली सर्वांत लहान गोष्ट मला आता देताच येणार नाही. याची मला फार लाज वाटते. कोणाला सांगावं तर सांगण्यासारखं माणूस तुम्हीच होतात, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. शिवाय या तीन आठवड्यांत तुमचीही एक लबाडी उघडी पडली आहे. त्याबद्दल भांडायचं राहिलं आहे.

मी या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा तुम्ही करडी गावच्या धानाच्या बांध्यांमधून येऊन या भंडाऱ्याच्या घरात रुळला होतात. पहिल्याच आठवड्यात मी तुमची प्रार्थना ऐकली. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नव्हतं. तुम्ही दोनदा जोर लावलात आणि वर छताकडे पाहून म्हणालात, "बापा, माह्यानं होत नाही, तूच पाह्य." मग बरणी माझ्या हातात दिलीत. मी झाकण उघडलं. तुम्ही त्याचे आभार मानलेत, माझे नाही! तेव्हापासून मी तुमची थट्टा करायचे, की तुमचा देव आणि तुमची जाऊ यांच्यात काम कोण करतं ते एकदा ठरवा. तुम्ही म्हणायच्या, "तो सांगते, तू करते. तुले ऐकू येत नाही एवढंच."

माझं घडणं वेगळं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. माझी आई लवकर विधवा झाली आणि तिनं कानाला खडा लावला की कोणापुढे हात पसरायचा नाही. आमच्याकडे दही संपलं तर पुन्हा घरचं लागेपर्यंत ताकाशिवाय जेवायचो, पण शेजारी वाटी घेऊन विरजण मागायला जायचं नाही. तीच मी नर्स झाले. लोक माझ्याकडे मागायला यायचे, मी द्यायचे, आणि तेच मला आवडायचं. देवळात मी प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणायचे, पाठ असलेली, शब्दाला शब्द. पण स्वतःच्या शब्दांत, चार माणसांत, तोंडानं कधी काही मागितलं नाही. देवानं हातपाय दिलेत ते कशाला, असं मी म्हणायचे. हात फिरे तिथे लक्ष्मी वसे, ही आईची म्हण तोंडात असायची. तुम्ही हसायच्या, "ख्रिस्ती बाई आन् लक्ष्मी घेऊन बसली."

आणि हात फिरायला मला आपल्या त्या पितळी प्याल्याइतकं हक्काचं दुसरं काही नव्हतं. आपल्या सासऱ्यांनी मोठ्या दुखण्यातून उठल्यावर भंडाऱ्यातल्या कारागिराकडून प्रभुभोजनासाठी घडवून घेतलेला, आणि मंडळीनं आपल्याच घरी सांभाळायला दिलेला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी मंडळी त्याच प्याल्यातून एकेक घोट घेते, त्याची तयारी आपण दोघींनी वाटून घेतली होती. काळ्या मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून पिळून रस तुम्ही करायच्या. टेबलावरचं पांढरं कापड मी धुवायचे. प्याला मी घासायचे. चिंच, मीठ आणि विटकरीचा बारीक भुगा घेऊन बाहेरून आणि आतून, सोन्यासारखा लखलखेपर्यंत. तुम्ही एक-दोनदा म्हणालात, "आतून नोको एवढी घासू वं. राखेनं धू, बस झालं." मला वाटलं, हिला स्वच्छतेचं काय कळतं?

तो रविवार आपण दोघींनी पुन्हा कधी तोंडावर आणला नाही. आज मी आणते. नऊ वर्षं झाली. मला सकाळी ड्यूटीवरून थेट देवळात यायचं होतं, म्हणून शनिवारी संध्याकाळीच तुम्ही केलेला रस मी प्याल्यात ओतून, वर कापड बांधून ठेवला. रस आयत्या वेळी ओतायचा हा तुमचा नियम होता, आणि तुम्हाला न विचारता मी तो मोडला. आतली कल्हई माझ्याच विटकरीनं कधीचीच गेली होती. मला जे सोनं दिसत होतं ते उघडं पितळ होतं. पितळेत आंबट रात्रभर राहिलं की कळकतं, हे आपल्याकडे पोरीबाळींनाही माहीत असतं. मला मात्र माझ्या चकाकीपुढे सुचलं नाही. पाळकसाहेबांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला, पण विधी अर्ध्यावर थांबवावा कसा, म्हणून ते गप्प राहिले. प्याला रांगेतून गेला. योहानबापूंना बाहेर जाऊन उलटी झाली. दोन बायका पोट धरून बसल्या.

मी लगेच धावले. नाडी पाहिली, साखर-मिठाचं पाणी केलं, बापूंची पाठ चोळली. सगळे म्हणत होते, सिस्टर आहेत म्हणून बरं. तेवढ्यात पाळकसाहेबांनी शांतपणे विचारलं, "प्याला कोणी भरला होता?" माझ्या हातात चमचा होता आणि मी पाणी ढवळत राहिले. तुम्ही बायकांच्या बाजूनं उठलात. पदर सारखा केलात आणि म्हणालात, "चूक झाली जी. माह्या हातानं झाली."

घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "चाय मांड." चहा पिऊन झाल्यावर मी विचारलं, का केलंत असं? "तू नोकरीवाली हावो. उद्या याच लोकायले तुह्या हातची सुई घ्या लागते. तुह्या हातावरचा भरोसा गेला तर कसं? माह्या हातचा तर भातच खातेत." इतकं म्हणून तुम्ही कप विसळायला गेलात. मी त्या वेळी माफी मागायला हवी होती. मागणं हा शब्द त्यातही होताच ना, म्हणून जमलं नसेल.

पुढच्या आठवड्यात तुम्ही मला लाखनीला नेलंत. भंडाऱ्याच्या भांड्यांच्या बाजारात कल्हई करणारं कोणी उरलं नव्हतं, पण लाखनीला हायवेच्या कडेला, ट्रक थांबतात तिथे, रफीकचाचा भाता मांडून बसायचे. त्यांनी प्याल्यात डोकावून पाहिलं आणि माझ्याकडेच पाहिलं. मग निखाऱ्यावर धरून तापवला, नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर निघाला, कथील टेकवलं आणि कापसानं एक हात फिरवला. पिवळ्या पितळेवर पांढरं पसरत गेलं. मी म्हटलं, एवढा खटाटोप दरवर्षी करायचा, त्यापेक्षा स्टीलचा प्याला घेऊ, त्याला कोणाकडे न्यावं लागत नाही. रफीकचाचा हसले. तुम्ही मात्र तिथेच रस्त्यावर भांडायला उभ्या राहिलात.

"तुले स्टीलच व्हायचं हाय ना? कोनाले काही मांगाचं नाही, कोनाच्या हाती जायचं नाही."

"मग वाईट काय आहे त्यात?"

"वाईट काही नाही. पर भांड्याले आपली कल्हई आपल्या हातानं होते काय?"

"मी भांडं नाही, ताई."

"मंग कोन हावो वं तू?"

एसटी आली आणि भांडण तिथेच राहिलं. मग ते वर्षानुवर्षं पुरलं. कुकर घेताना स्टीलचा विषय निघायचा, पाहुण्यांपुढे निघायचा, एकदा तर नाताळच्या फराळाचे डबे निवडताना तुम्ही मला "स्टीलबाई" म्हणून हाक मारलीत आणि मी दिवसभर बोलले नाही. दोघींचे नवरे गेल्यावर त्या घरात आपण दोघीच उरलो आणि भांडायला हा एकच विषय कायमचा मिळाला. मी तो जिंकतेय असंच मला वाटत होतं. कारण पुरावा माझ्याजवळ होता. लाखनीच्या त्या फेरीनंतर नऊ वर्षांत प्याल्याची कल्हई पुन्हा करावी लागली नव्हती. विटकरी मी सोडली होती, पण चिंच आणि माझे हात होतेच, आणि दर नाताळात प्याला आतून पांढराशुभ्र निघायचा. नीट निगा राखली तर काही कोणाकडे न्यावं लागत नाही, असं मी तुम्हाला ऐकवायचे. तुम्ही "हो वं माय" म्हणून मनुका निवडत बसायच्या.

आणि दरवर्षी नाताळाआधी एक दिवस तुम्ही लाखनीच्या बाजाराला जायच्या. येताना पिशवीभर लाखोरीची भाजी आणायच्या. मी चिडवायचे, भंडाऱ्यात बाजार नाही का? तिकिटाच्या पैशात दहा वेळची भाजी आली असती. तुम्ही म्हणायच्या, "तिकडची कोवळी रायते." भाजी कधीकधी चांगलीच जून असायची, पण मी निवडून घ्यायचे.

मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तुमची उजवी बाजू गेली. मला वाटलं होतं, आता तुम्ही खचाल, कोणाकडून भरवून घ्यायची तुम्हाला लाज वाटेल. मला वाटली असती. मी तर देवाला मनात एकच सांगून ठेवलं आहे की मला उभ्या उभ्या ने. तुम्ही पहिल्याच दिवशी तोंडाचा आ केलात आणि वाट पाहत राहिलात. पाणी दे. उशी वर कर. कान खाजव. खिडकी उघड, लाव, उघड. दिवसातून चाळीस वेळा मागायच्या, आणि एकदाही तोंड कसनुसं झालं नाही. मी एकदा विचारलंच, ताई, तुम्हाला इतकं मागायला काहीच वाटत नाही? तुमचं बोलणं तेव्हा जड झालं होतं, तरी तुम्ही पूर्ण वाक्य बोललात. "जलमली तवापासून मांगतच हावो. पयले मायले, मंग देवाले, आता तुले. सवय हाय." वर डाव्या हातानं माझा गाल थोपटलात, जणू आजारी मीच होते. त्या पाच महिन्यांत मी तुम्हाला सांभाळलं असं सगळे म्हणतात. त्या खोलीत सकाळी मी पाऊल टाकायचे तेव्हा मन हलकं व्हायचं, आणि ते कोणामुळे ते मला माहीत आहे.

यंदाच्या नाताळात प्याला आतून पांढरा झाला नाही. मी दुप्पट घासला. तरी डाग पिवळेच राहिले, उलट वाढले. मी रस आयत्या वेळी ओतला आणि वेळ मारून नेली. तुम्ही गेल्यावर पाळकसाहेब भेटायला आले. प्याला पाहून म्हणाले, "सिस्टर, आता तुम्ही एकट्याच. स्टीलचा घेऊन टाकू ना? तुम्हीच तर म्हणत होतात." नऊ वर्षांचं माझं भांडण त्यांनी माझ्या पदरात घातलं, आणि मला ते घेववेना. मी म्हटलं, मी लाखनीला जाऊन येते.

रफीकचाचा आता फार थकले आहेत. त्याच जागी बसतात, पण भाता त्यांची मुलगी फिरवते. मी पिशवीतून प्याला काढला. त्यांनी तो लगेच ओळखला आणि माझ्या मागे पाहिलं. "बडी बाई नहीं आई? इस साल देर हो गई." मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, चाचा, आम्ही एकदाच आलो होतो, नऊ वर्षांपूर्वी. ते म्हणाले, "आप एक बार. वो तो हर साल. दिसंबर में. बोलती थी, चाचा, अंदर जरा मोटी कलई लगाव, मेरी देवरानी बहुत घिसती है."

मी त्यांच्या खोक्यावर बसले. तुम्ही गेल्याचं सांगितलं. रडायला मला इतके दिवस वेळ नव्हता, तो तिथे हायवेच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांसमोर मिळाला. मुलीनं भाता थांबवला. चाचांनी बाटलीतलं पाणी पुढे केलं आणि मी ते प्याले.

नऊ वर्षं, सगुणाताई! मी घासायचे आणि तुम्ही गुपचूप जाऊन कल्हई करून आणायच्या. वर मी तुम्हाला माझ्या निगेवर व्याख्यानं द्यायचे आणि तुम्ही "हो वं माय" म्हणायच्या. मला खूप राग आला आहे. एकदा तरी तोंडावर म्हणायचं होतं, की बाई, तुझ्या हातानं हे झालेलं नाही. पण तुम्ही म्हणाला असतात तर मी ऐकलं असतं का, हेही मला माहीत आहे. मी स्टीलचा प्याला विकत आणून टेबलावर ठेवला असता. आणि हे एका प्याल्यापुरतंच होतं का? माझं आणखी काय काय तुम्ही असं मागून आणलंत, कोणाकोणाकडून, वर छताकडे पाहून किती वेळा, हे विचारायला आता तुम्ही नाही.

चाचा प्याला तापवत होते. मी उतावीळ होऊन म्हटलं, झाला असेल की आता. ते म्हणाले, "ठंडे बर्तन पे नहीं चढती, बाई. रुको." मी थांबले.

काल पहिला रविवार होता. मनुका मी उकळल्या, तुमच्यापेक्षा थोड्या जास्तच, रस जरा दाट झाला. प्याला राखेनं धुतला. साक्षीच्या वेळी पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का, आणि मी उठले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा उठले म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या. मी म्हटलं, नऊ वर्षांपूर्वी प्याल्यातला रस कळकला होता. तो शनिवारी मी ओतला होता. सगुणाताईंनी नाही. आतली कल्हईही मीच घासून काढली होती. तेव्हा मी गप्प बसले, मला क्षमा करा.

योहानबापू आपल्या जागेवरूनच म्हणाले, "बस ना, सिस्टर. आमाले मालूम होतं. सगुणाबाई शनिवारी रस ओतन काय कधी?" पुढच्या रांगेतली बाई हसली, मग आणखी दोघीतिघी. त्या सगळ्यांनी नऊ वर्षं माझ्या हातची सुई घेतली होती, माहीत असून. मला बसायचं होतं, पण बसवेना. पाळकसाहेबांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "सिस्टर, भोजनाआधीची प्रार्थना आज तुम्ही करा. तोंडानं करा."

त्यांना तुमची ती दुपार माहीत नव्हती. मी कोणालाच सांगितलेलं नाही. तरी तेच शब्द. तुम्हाला सांगते, मी इकडेतिकडे पाहिलं, काही काम दिसतं का म्हणून. टेबलावरचं कापड सरळ होतं. बदलायला चादर नव्हती. मी डोळे मिटले. चांगले, ग्रंथातले शब्द आठवायचा प्रयत्न केला, एकही येईना. मंडळी वाट पाहत होती. तुमच्यासाठी मागता येत नव्हतं, ती वेळ मी घालवली होती. माझ्यासाठीच मागावं लागणार होतं, आणि मागायला मला तुमच्याशिवाय कोणाचे शब्द माहीत नव्हते.

"बापा," मी म्हटलं, "माह्यानं होत नाही. तूच पाह्य."

पुढे काही सुचलं नाही. बापूंनी मोठ्यानं आमेन म्हटलं, मग सगळ्यांनी म्हटलं. पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि प्याला रांगेतून फिरत फिरत माझ्यापाशी आला. मी आत पाहिलं, काठाशी पांढरी कल्हई दिसत होती. मी दोन्ही हातांनी धरून घोट घेतला.

रस गोड होता, सगुणाताई.